मंडळाची डायनोसॉर सहल: ३० जणांना सांगाडे नीट कसे दाखवायचे

सहल फसते ती बहुतेक वेळा पहिल्याच सांगाड्यापाशी. तीस माणसं एका कठड्याला चिकटतात, पुढच्यांना खुरं दिसतात आणि मागच्यांना पुढच्यांची डोकी. म्हणून आधी गट पाडा: ६ ते ८ जणांचा एक, प्रत्येकाला एक गटप्रमुख. गट दहा-दहा मिनिटांच्या अंतराने आत सोडा, किंवा निम्मे गट शेवटच्या दालनापासून उलटे फिरवा.

संग्रहालयाला तीन-चार आठवडे आधी फोन करा. गटासाठी वेगळी वेळ मिळते का, बॅगा कुठे ठेवायच्या, लिफ्ट आणि बाकं कुठे आहेत, एवढं विचारून घ्या. पैसे आधीच गोळा करून तिकिटं एकत्र काढा. खिडकीपाशी सुट्ट्यांच्या भानगडीत अर्धा तास सहज जातो. हलणारे, डरकाळ्या फोडणारे डायनोसॉर असतील तर अंधार आणि आवाज किती आहे तेही विचारा. कर्णयंत्र वापरणाऱ्यांना तो गोंगाट फार त्रास देतो.

आत गेल्यावर दीड तास पुरे. त्यानंतर पाय बोलायला लागतात आणि फलक कोणी वाचत नाही. म्हणून सगळं बघण्याचा हट्ट सोडा, चार-पाच सांगाडे निवडा.

प्रत्येक सांगाड्यापाशी जबड्याच्या आधी कंबर बघायला सांगा. मांडीचं हाड जिथे बसतं ती खोबण बहुतेक डायनोसॉरमध्ये आरपार उघडी असते. मग कंबरेतून खाली उतरणारं हाड, म्हणजे जघनास्थी, बघा: टायरॅनोसॉरसमध्ये ते पुढे झुकतं, स्टेगोसॉरस आणि ट्रायसेराटॉप्समध्ये मागे वळतं. ब्रिटिश जीवाश्मशास्त्रज्ञ हॅरी सीली यांनी १८८७ साली याच फरकावरून डायनोसॉरचे दोन गट पाडले: हाड पुढे झुकणारा 'सरड्यासारख्या कंबरे'चा आणि मागे वळणारा 'पक्ष्यासारख्या कंबरे'चा. गंमत अशी की पक्षी 'पक्ष्यासारख्या कंबरे'च्या गटातून आलेच नाहीत. ते टायरॅनोसॉरसच्या बाजूचे. उडणारे टेरोसॉर आणि पाण्यातले इक्थिओसॉर मात्र डायनोसॉर नव्हेत. गटात यावर वाद होणारच, होऊ द्या.

'हे खरं हाड आहे का?' हा प्रश्न हमखास येतो. खऱ्या जीवाश्मात रंग असमान असतो, भेगा भरलेल्या दिसतात, आणि वजन पेलायला लोखंडी आधार बहुधा बाहेरून दिलेला असतो. साच्यातून काढलेली प्रतिकृती हलकी असल्याने तिच्यात सळई आतून जाऊ शकते. पण शेवटी फलकच प्रमाण. बरेच सांगाडे अर्धे खरे, अर्धे साच्यातले असतात.

काळ सांगताना स्टेगोसॉरस सुमारे १५ कोटी वर्षांपूर्वीचा आणि टायरॅनोसॉरस सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा, एवढं सांगा. खेळण्यांच्या डब्यात ते शेजारी असले तरी त्यांची गाठ कधीच पडली नव्हती.

फोटो काढताना फ्लॅश बंद ठेवा. काचेवर प्रतिबिंब येत असेल तर कॅमेरा तिरपा धरा. सगळ्यांचा एकत्र फोटो बाहेर पडताना घ्या, म्हणजे डोकीही मोजून होतात.