जीडीबीत रिस्क-फाइव्ह बसवताना झालेला घोळ
गोकुळ शिरगावच्या एका कारखान्यासाठी रिस्क-फाइव्ह (एक प्रोसेसर प्रकार) बोर्ड आणि त्यावर आमचीच छोटी ओएस, म्हणून जीडीबी (प्रोग्राममधल्या चुका शोधायचं टूल) चा स्टब, म्हणजे बोर्डवर राहून जीडीबीशी बोलणारा छोटा कोड, मीच लिहायला घेतला. ३२ रजिस्टर (प्रोसेसरमधल्या साठवणीच्या छोट्या जागा) आणि पीसी (कुठली इन्स्ट्रक्शन चालवायची तिचा पत्ता) लगेच दिसायला लागले, पण ब्रेकपॉइंट (प्रोग्राम थांबवायची खूण) लावून कंटिन्यू केलं की प्रोग्राम भलतीकडंच उडायचा, दोन रात्री गेल्या भावा.

ब्रेकपॉइंटच्या जागी मी सगळीकडं ४ बाइटचा ईब्रेक (प्रोग्राम थांबवणारी इन्स्ट्रक्शन) लिहित होतो आणि कंपायलरनं बऱ्याच इन्स्ट्रक्शन २ बाइटच्या केल्यात, म्हणजे पुढची इन्स्ट्रक्शन पण पुसली जायची! आता मूळ इन्स्ट्रक्शनचे खालचे दोन बिट बघतो, दोन्ही १ असतील तर ४ बाइटचा, नाहीतर २ बाइटचा सी-ईब्रेक.

शिवाय एक्स८६ (इंटेल-एएमडीचे प्रोसेसर, तिथं पीसी ब्रेकपॉइंटच्या एक बाइट पुढं जातो) च्या जुन्या कोडमधला पीसी एकनं मागं घेणारा भाग तसाच राहिलेला (कॉपी-पेस्ट, दुसरं काय), इथं पीसी ईब्रेकवरच थांबतो, तो काढला. आता स्टेपिंग (एकेक पायरीनं प्रोग्राम चालवणं) लई भारी चालतंय.