घळीतला आडवा दोर

कोकणात गुहा म्हटलं की लोकांना एखादं देवस्थान किंवा पन्हाळेकाजीची लेणी आठवतात. मेघालयातल्या क्रेम लियात प्राहसारखी ३० किलोमीटरच्या वरची गुहा इकडे शोधू नका, ती चुनखडीची करामत. आमच्या घळी समुद्राने कोरलेल्या. वर सड्याचा, म्हणजे माथ्यावरच्या सपाट पठाराचा, जांभा, खाली काळा कातळ, आणि त्या कातळाच्या फटी लाटांनी खाऊन रुंद केलेल्या. लांबी फार नसते, पण तळात पाणी घुसतं, म्हणून आत जायचं ते वरच्या अंगाने, भिंत धरून. देवगडच्या दक्षिणेला आम्ही गेलो ती घळ अशीच. गावाचं नाव सांगत नाही, तिथे रीलवाल्यांची रांग लागायला नको.

तोवर मी दोनदा व्हॅली क्रॉसिंग केलं होतं आणि ट्रॅव्हर्स, म्हणजे दोराला अडकून भिंतीच्या कडेने आडवं सरकणं, हा त्याचाच भाऊ, असं धरून चाललो होतो. व्हॅली क्रॉसिंगला दरीवर बांधलेल्या दोरावरच्या पुलीला लटकायचं, ओढायला दुसरे असतात. ट्रॅव्हर्समध्ये दोर भिंतीच्या कडेने थोड्या थोड्या अंतरावर खडकात बसवलेल्या बोल्टला बांधलेला असतो आणि प्रत्येक बोल्टपाशी बदलाबदल तुम्हीच करायची. कमरेच्या पट्ट्याला, म्हणजे हार्नेसला, दोन शेपट्या, काउज टेल, टोकाला कडी असलेले दोराचे तुकडे, एक आखूड आणि एक लांब. पुढची अडकवल्याशिवाय मागची काढायची नाही. वाचताना अगदी सोपं आहे. खाली पाणी आपटत असलं की बोटं नेमकं उलटं करायला जातात.

आदल्या रात्री मी मोबाइलवर भरतीचं कोष्टक शोधत बसलो होतो. ज्यांच्या पडवीत उतरलो होतो ते आबा हसले. "तिथीची पाऊणपट कर, पुस्तक कित्याक व्हया?" वद्य षष्ठी होती. सहाची पाऊणपट साडेचार, म्हणजे पूर्ण भरती साडेचारला आणि ओहोटी पावणेअकराच्या आसपास. आठला दोर लावायला घ्यायचा आणि एकच्या आत सगळे सड्यावर, असं लीडरने तिथेच ठरवलं. उधाणाच्या दिवसांत असल्या घळीत जाऊच नये.

दोर लावताना नवख्याने गप्प बसून बघावं, फार शिकायला मिळतं. जांभा सच्छिद्र आणि ठिसूळ, त्याच्यावर बोल्टचा भरवसा नाही. आमच्या लीडरने कातळ लागेपर्यंत ड्रिल बाहेर काढलंच नाही. आधीच्या कुणीतरी मारलेले तीन बोल्ट दिसत होते, स्टेनलेस स्टीलचे, चकचकीत. त्याने एकावरही भार दिला नाही. खाऱ्या हवेत असा बोल्ट आतून चिरलेला असू शकतो आणि वरून पत्ता लागत नाही. दुसरं म्हणजे, दोर तारेसारखा ताणत नाहीत. जितका ताठ तितका पडणाऱ्याचा भार बोल्टवर वाढून जातो. भार पेलणाऱ्या बांधणीच्या, अँकरच्या, दोन फांद्यांमधला कोन १२० अंशांवर गेला की प्रत्येकीवर पूर्ण वजन येतं. थोडा ढिला दोर भित्र्याला आवडत नाही, मलाही आवडला नव्हता.

चौथ्या बोल्टनंतर भिंत बाहेर फुगलेली, त्यावर ओलं शेवाळ. पाय सटकला. पडलो जेमतेम फूटभर, आणि लांब शेपटीवर लटकलो. लागलं काही नाही. हात वर केला तर बोटं दोराच्या वीतभर खाली! दोन्ही शेपट्या सांभाळायचा कंटाळा, म्हणून आखूड मी लावलीच नव्हती. आणि लांब स्वतः बांधली होती, 'जरा ऐसपैस असू दे' म्हणून. बोल्ट पक्का, दोर पक्का, आणि मी सुकट वाळत घातल्यासारखा.

"पाय हलवत राहा!" लीडर ओरडला. हार्नेसमध्ये निश्चल लटकून राहिलं तर माणूस बेशुद्ध पडू शकतो. मग त्याने सांगितलं तसा त्या शेपटीवरच, हात पोचेल तिथे, प्रुसिकचा, म्हणजे भार आला की आवळून धरणारा बारीक दोरीचा, फास टाकला, त्याच्या खालच्या लूपमध्ये पाय घातला आणि उभा राहिलो. म्हणजे पाचव्या खेपेला राहिलो. डोक्यावर वटवाघळं चिरकत होती आणि हेडलॅम्पच्या उजेडात मला फक्त माझीच थरथरणारी करंगळी दिसत होती.

या क्षेत्रात पुढे काम करायचं मनात असेल तर उत्तरकाशीच्या नेहरू गिर्यारोहण संस्थेसारख्या ठिकाणी बेसिक कोर्स करा. गाठी, बिले म्हणजे चढणाऱ्याचा दोर सांभाळणं, रॅपलिंग म्हणजे दोरावरून उतरणं, हे हाताला बसतं. गुहेतलं दोरकाम मात्र वेगळं, ते जाणत्या माणसाबरोबर जमिनीपासून दोन फुटांवर आधी घोटा. माडांना दोर बांधून, डोळे मिटून शेपट्या बदला. जादा दिवा, प्रुसिकच्या दोऱ्या आणि शिट्टी हार्नेसलाच हवी. माझी शिट्टी सॅकमध्ये होती आणि सॅक सड्यावर.

त्या संध्याकाळी पडवीच्या तुळईला दोर टाकून लीडरने मला लटकवलं. लटकल्या लटकल्या टोकाची कडी, कॅराबिनर, मुठीत येईल इतकीच लांब शेपटी ठेवून गाठ पुन्हा मारली. हातभर दोर उरला, तो कापला. आबांनी तुकडा उचलून निरखला आणि गोठ्यात जाऊन गाईच्या दाव्याला जोडून टाकला.