‘नर्व्ह’ की ‘नर्व्ह्ज’? एका अक्षराने धीराची धास्ती होते

‘द तांडेल लॉस्ट हिज नर्व्ह’ या वाक्याचं ‘तांडेलाने मज्जातंतू गमावला’ असं भाषांतर केलं की सगळं मुसळ केरात. म्हणायचंय एवढंच, की समुद्र खवळलेला बघून तांडेलाचं, म्हणजे होडीच्या म्होरक्याचं, अवसान गळालं. मज्जातंतू हा अर्थ जीवशास्त्राच्या पुस्तकात बरोबर. रोजच्या इंग्रजीत हा शब्द धीर, धास्ती, उद्धटपणा आणि वैताग अशा चार वाटांनी जातो.

वाट ओळखायची तर आधी वचन बघा. एकवचनी ‘नर्व्ह’ म्हणजे बहुधा छाती, धीर. पावसात शेवाळलेल्या माडावर चढायला जी छाती लागते तिच्यासाठी ‘इट टेक्स नर्व्ह’. अनेकवचनी ‘नर्व्ह्ज’ म्हणजे घालमेल. दशावतारी नाटकात लिखित संवाद हाताशी नसतात. तिथे पहिल्यांदा उभ्या राहणाऱ्या पोराच्या पोटात येतो तो गोळा म्हणजे ‘फर्स्ट-नाइट नर्व्ह्ज’. ‘अ बंडल ऑफ नर्व्ह्ज’ म्हणजे सतत धास्तावलेला माणूस.

सगळ्यात जास्त चुका ‘लूज’ या क्रियापदापाशी होतात. प्रसंग भीतीचा, म्हणून ‘शी लॉस्ट हर नर्व्ह्ज’ असं लिहिलं जातं. पण सुटतो तो धीर, भीती नव्हे. म्हणून एकवचनच हवं: ‘लॉस्ट हर नर्व्ह’. धीर टिकवला तर ‘केप्ट’ किंवा ‘हेल्ड हर नर्व्ह’. याला एक अपवाद पाठच करून ठेवावा: ‘नर्व्ह्ज ऑफ स्टील’ अनेकवचनी असूनही धैर्याबद्दलच आहे.

‘हॅव द नर्व्ह टु’ दिसलं की थांबा, कारण इथे दोन अर्थ आहेत. पेटीत खाली बारका आंबा भरून वर चढा भाव मागणाऱ्याबद्दल ‘ही हॅड द नर्व्ह टु आस्क फॉर मोअर’ म्हटलं, तर तो निर्लज्जपणा. ‘आय डिडन्ट हॅव द नर्व्ह टु टेल हिम’ असं नकारार्थी आलं, तर सांगायचा धीर झाला नाही. मराठीत ‘हिंमत’ अगदी अशीच वागते. ‘विचारायची हिंमत झाली नाही’ आणि ‘तुझी हिंमत कशी झाली?’ ही दोन वाक्यं शेजारी ठेवली की विद्यार्थ्याला वेगळं समजवावं लागत नाही. नुसतं ‘व्हॉट अ नर्व्ह!’ आलं तर मात्र संताप. ‘काय हे धाडस!’ असं कौतुक तिथे घालू नका.

‘गेट ऑन माय नर्व्ह्ज’मध्ये भीतीही नाही, धैर्यही नाही. रात्रभर शेजारी भोंगा वाजत राहिला तर तो डोक्यात जातो, तेवढंच. इथे अनेकवचन पक्कं. ‘हिट अ नर्व्ह’ किंवा ‘टच अ रॉ नर्व्ह’ मात्र एकवचनी, आणि त्याला आपल्याकडे तयार जोड आहे: दुखऱ्या नसेवर बोट ठेवणं.

एवढे अर्थ एका शब्दात आले कुठून? लॅटिन ‘नर्व्हस’ म्हणजे स्नायूला हाडाशी बांधणारा कंडरा, धनुष्याची दोरीसुद्धा. म्हणजे मुळात ताकद आणि ताण. ‘स्ट्रेन एव्हरी नर्व्ह’मध्ये तो जुना अर्थ अजून जिवंत आहे. रापणीचं भरलेलं जाळं किनाऱ्यावर ओढणारी माणसं डोळ्यांपुढे आणा, वाक्प्रचार विसरणार नाही. मराठीत ‘शर्थ करणे’. इंग्रजी ‘नर्व्हस’ हे विशेषणही एकेकाळी ‘पिळदार, जोरकस’ या अर्थाने वापरत; आज त्याचा अर्थ जवळजवळ उलटा झालाय. ‘नर्व्ही’ तर ब्रिटनमध्ये घाबरट आणि अमेरिकेत बेधडक किंवा आगाऊ, तेव्हा लेखक कुठला हे पाहूनच अर्थ लावा.

‘नर्व्ह-रॅकिंग’ हे प्रसंगाचं विशेषण आहे. तोंडी परीक्षा नर्व्ह-रॅकिंग असते. ती देणारा नर्व्हस असतो. ‘आय ॲम नर्व्ह-रॅकिंग’ म्हटलं, तर आपल्यामुळे दुसऱ्याच्या जिवाला घोर लागतो असा अर्थ निघेल.