पहिला भाग दाखवताना हशा कसा टिपायचा

तुमच्या विनोदी मालिकेचा पहिला भाग लोकांना दाखवाल त्या संध्याकाळी तुमची खुर्ची पडद्याशेजारी, प्रेक्षकांकडे तोंड करून मांडा. भाग तुम्ही शंभरदा बघितलेला असतो. त्या दिवशी बघायची असतात ती समोरची तोंडं.

आमची ॲनिमेटेड विनोदी मालिका तिघांची आहे. एक जण लिहितो, एक जण चित्रं काढून हलवतो, एडिटिंग आणि आवाज मी बघते. कोल्हापुरात राजारामपुरीत एका मैत्रिणीच्या घरातल्या वरच्या खोलीत काम चालतं. पहिला भाग सात मिनिटांचा. गंगावेशीतल्या दूध कट्ट्यावर, जिथं म्हैस समोर पिळून फेसाळ दुधाचा ग्लास हातात देतात, तिथं एक म्हैस एके दिवशी धार द्यायचं बंद करते आणि मालक, गिऱ्हाइकं, मालकाची आजी सगळे तिची मनधरणी करत बसतात. हा भाग आधी खोलीत आणि मग यूट्यूबवर दाखवताना जे हाती लागलं ते लिहिते. आम्हाला हे सांगणारं कुणी भेटलं नव्हतं.

कुणाला बोलवायचं

वीसेक माणसं पुरतात. पाच-सहाच असली की सगळे अवघडून बसतात आणि हसायच्या आधी शेजाऱ्याकडे बघतात. घरचे दोन-तीनच बोलवा. आईला तुमचं नाव पडद्यावर दिसलं तरी भरून येतं, त्यावरून विनोद बसला की नाही ते कळत नाही. ॲनिमेशनवाले मित्रही दोनच. त्यांची नजर पाय घसरतोय का, ओठ शब्दावर बसलेत का, यावर असते. ते बघणं गरजेचं आहे, पण ते काम आधी एखाद्या दुपारी उरकून घ्या.

कोल्हापुरात कधी न राहिलेली तीन-चार माणसं मात्र हवीतच. दिवाळीच्या पाडव्याला म्हशी सजवून मोटरसायकलमागं पळवणारं हे गाव, इथला माणूस पडद्यावर म्हैस दिसली की हसायला तयारच असतो. आमच्याकडे नागपूरचा एक मुलगा आणि मुंबईहून बदलून आलेलं एक जोडपं होतं. पहिल्या मिनिटात खोली हसत होती आणि हे तिघं एकमेकांकडे बघत होते. भररस्त्यात म्हैस का उभी आहे हेच त्यांना कळलं नव्हतं. दूध कट्टा दाखवणारं चार सेकंदांचं एक चित्र आम्ही नंतर सुरुवातीला घातलं, ते त्या तिघांमुळं.

मालिका मोठ्यांसाठी असेल तर लहान मुलांना त्या खेळाला बसवू नका. चित्र हललं की मुलं हसतात आणि मोठी माणसं मुलांकडे बघून हसतात. आणि आधी खायला देऊ नका. मी प्रेमानं भडंग वाटलं होतं. नंतर टिपलेला आवाज ऐकला तर निम्म्या ठिकाणी नुसतं कुरुमकुरुम. चहा-भडंग खेळ संपल्यावर.

सुरू करण्याआधी भाषण नको. ‘अजून थोडं काम बाकी आहे’ हे वाक्य तर अजिबात नको, कारण त्यानंतर माणसं तुमच्यावर दया करून हसतात. किती मिनिटांचा भाग आहे, फोन बंद ठेवा, आणि आम्ही फक्त आवाज टिपतोय, चालेल का, एवढंच विचारा. कुणी नको म्हणालं तर टिपू नका, वहीवर भागवा.

आवाज टिपा आणि भागाखाली लावा

माझ्या मते सगळ्यात उपयोगाचं काम हेच आहे आणि त्याला पैसे लागत नाहीत. एक फोन दुसऱ्या आणि तिसऱ्या रांगेच्या मध्ये स्टुलावर ठेवा, खाली रुमालाची घडी. भागाच्या आधी काळ्या पडद्यावर एक ‘बीप’ घाला. रात्री एडिटिंगच्या टाइमलाइनवर, म्हणजे चित्रं आणि आवाज वेळेप्रमाणं मांडतात त्या पट्टीवर, मूळ आवाजाखाली ही ध्वनिफीत ठेवा आणि दोन्ही बीप एकावर एक आणा. आता आवाजाच्या रेघेवर हशाचे डोंगर डोळ्यांना दिसतात. विनोद कुठं आहे आणि माणसं कुठं हसली, यातलं अंतर सेकंदात मोजता येतं. बरोबर वहीही ठेवा. मी समोर बसून वेळेपुढं नुसती अक्षरं लिहिते: ह म्हणजे हशा, ख म्हणजे खुदकन, च म्हणजे चुळबुळ. खुदकन हसण्याचा आवाज फोनमध्ये येत नाही, तो चेहऱ्यावरच दिसतो.

आमच्या भागात २ मिनिटं १४ सेकंदांवर मालकाचं एक वाक्य होतं. ते लिहिल्या दिवशी आम्ही तिघंही पोट धरून हसलो होतो. खोलीत त्याला काहीच मिळालं नाही, डोंगर सपाट. सहा सेकंदांनी मात्र मोठा हशा. तिथं आमच्या हिशेबानं काहीच नव्हतं, म्हैस नुसता कान हलवत होती.

पहिला विचार आला वाक्य काढून टाकायचा. मग तो तुकडा आवाज बंद करून बघितला. मालक बोलत असतानाही म्हैस कान हलवतच होती. दृश्य रिकामं दिसू नये म्हणून चार चित्रांचं ते चक्र आम्ही सगळ्या दृश्यभर फिरवत ठेवलं होतं. आम्ही सेकंदाला २४ फ्रेम, म्हणजे पडद्यावर क्षणभर दिसणारे स्थिर तुकडे, ठेवतो आणि एक चित्र दोन फ्रेम धरतो, म्हणजे सेकंदाला बारा चित्रं. त्या हिशेबानं कान सेकंदाला तीन वेळा हलत होता. पडद्यावर एकच गोष्ट हलत असेल तर डोळा तिकडेच जातो आणि डोळ्यामागून कानही जातात. वाक्य लोकांपर्यंत पोचलंच नव्हतं. आम्ही मालक बोलेपर्यंत म्हैस दगडासारखी स्थिर केली. वाक्य संपल्यावर बारा फ्रेम शांतता, मग एकदाच कान. पुढच्या खेळात वाक्यालाही हशा आला आणि कानालाही. लेखकाचा एकही शब्द बदलावा लागला नाही. म्हणून सांगते, पंच, म्हणजे हशा यायची जागा, फुकट गेला की आधी वाक्याला दोष देऊ नका, त्या क्षणी दुसरं काय हलतंय, दुसरं काय वाजतंय ते तपासा.

दुसरी अडचण उलटी असते: हशा इतका चांगला येतो की पुढचं वाक्य त्याखाली गाडलं जातं. लहानपणी बाबांबरोबर केशवराव भोसले नाट्यगृहात विनोदी नाटकं बघायचो. शाहू महाराजांच्या काळातली ती वास्तू ऑगस्ट २०२४ मध्ये आगीत जळाली तेव्हा आमच्या घरात कुणी जेवलं नाही. तिथं नट काय करायचा, तर हशा येऊ द्यायचा, तो ओसरायला लागला की पुढचं वाक्य उचलायचा. ॲनिमेशनमधलं पात्र थांबत नाही. थांबा आधीच काढून ठेवावा लागतो. खोलीत तीन सेकंद हशा चालला म्हणून तीन सेकंद मोकळे सोडू नका, कारण तोच भाग फोनवर एकट्यानं बघणाऱ्याला ती जागा मेल्यासारखी वाटते. आम्ही सेकंद-सव्वा सेकंद ठेवतो आणि त्यात काहीतरी निःशब्द चालू ठेवतो. म्हैस रवंथ करते. खोलीत हशा त्यावर पसरतो, फोनवर ते रवंथच गमतीचं होतं.

एकट्या माणसाचा अंदाज

माणूस एकटा असताना फार कमी हसतो. रॉबर्ट प्रोव्हाइन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाच्या अभ्यासात लोक एकटं असण्यापेक्षा चारचौघांत सुमारे तीसपट जास्त हसताना आढळले होते. वेब मालिका बहुतेक लोक एकट्यानं, इयरफोन लावून बघतात. तेव्हा खोलीतला खेळ झाला की पाच जणांना एकेक करून फोनवर भाग दाखवा आणि शेजारी गप्प बसा. हसण्याची वाट बघू नका, अंगठा बघा. अंगठा पडद्याकडे सरकतो, थबकतो, मागं जातो. तो कुठं सरकला ती वेळ लिहून ठेवा. भुवया वर गेल्या, नाकातून हवा सुटली, तरी पंच बसला समजा.

चहाच्या वेळी काय विचारायचं

‘कसा वाटला?’ विचारलं तर कोल्हापुरात उत्तर ठरलेलं आहे: एक नंबर, लय भारी, नाद खुळा. ते मनापासून म्हणतात आणि ऐकून अंगावर मूठभर मांस चढतं. त्यावरून बदलायचं काय, ते मात्र कळत नाही.

त्याऐवजी म्हणा, ‘घरी गेल्यावर वहिनींना सांगायचं झालं तर काय झालं म्हणून सांगाल?’ मग गप्प बसून ऐका. कुठला प्रसंग आधी सांगतात, कुठला गाळतात, कुठलं वाक्य स्वतःच्या आवाजात करून दाखवतात. गल्लीतले एक काका कप हातात घेऊन आजीची नक्कल करायला लागले आणि आजीनं पडद्यावर म्हटलं त्यापेक्षा चार शब्द कमी घेऊन म्हणाले. त्यांचंच वाक्य जास्त चांगलं होतं. आम्ही आमचं छाटलं.

‘कुठं कळलं नाही?’ आणि ‘कुठं फोन बघावासा वाटला?’ हे दोन प्रश्न पुरेत. उत्तर आलं की खुलासा करायला जाऊ नका. आमच्या लेखकानं एकदा ‘नाही, त्याचा अर्थ असा होता’ म्हणून सुरुवात केली आणि पुढं कुणी तोंडच उघडलं नाही. दुसऱ्या दिवशी तीन-चार जणांना फोन करून काय आठवतंय तेवढं विचारा.

यूट्यूबवर चढवल्यावर

सगळ्यात आधी ‘मुलांसाठी बनवलेला आहे का’ हा प्रश्न नीट वाचा. कार्टून आहे म्हणून आम्ही ‘हो’ निवडलं आणि कमेंटच बंद झाल्या. मुलांसाठी म्हणून ठरवलेल्या व्हिडिओंना जानेवारी २०२० पासून हाच नियम आहे. ज्या संध्याकाळची सहा महिने वाट बघितली, तिचे पहिले चार तास असे गेले. चित्र कार्टूनचं असलं तरी विनोद मोठ्यांसाठी असेल तर उत्तर ‘नाही’ आहे.

एक-दोन दिवसांनी प्रेक्षक कुठवर टिकले याचा आलेख दिसायला लागतो. पहिली तीस सेकंदं आधी बघा. आमचं शीर्षकगीत पस्तीस सेकंदांचं होतं, मेहनतीनं केलेलं, आणि रेघ तिथंच उतरलेली. चढवलेला व्हिडिओ त्याच लिंकवर दुसऱ्या व्हिडिओनं बदलता येत नाही, पण यूट्यूबच्याच एडिटरमध्ये मधला तुकडा कापता येतो, लिंक आणि कमेंट जागेवर राहतात. गाणं आठ सेकंदांचं केलं.

रेघेवर मध्येच टेंगूळ दिसलं तर हुरळून जाऊ नका. टेंगूळ म्हणजे लोक मागं जाऊन पुन्हा बघतायत. ते आवडलं म्हणून असेल किंवा ऐकू आलं नाही म्हणून. आमच्या टेंगळाच्या जागी आजीचं वाक्य मोटरसायकलच्या आवाजाखाली गेलं होतं. चूक माझीच, आवाजाचं काम माझं.

कमेंटला पहिले दोन दिवस उत्तर देऊ नका. शिवीगाळ तेवढी लपवा, बाकी सगळं राहू द्या. मग वहीत ढीग करा: आवडलं, कळलं नाही, खटकलं, चूक दाखवली. शेवटचा ढीग सावकाश वाचा. आमच्याकडे बऱ्याच जणांनी लिहिलं, ‘आजी बाई असून मी आलो, मी करतो असं कसं म्हणते? डबिंग चुकलंय.’ चुकलं नव्हतं. कोल्हापुरात बायका असंच बोलतात. मी घरात ‘आलो’ म्हणते, हे लिहिताना ‘आले’ लिहिते. आम्ही गप्प राहिलो आणि दुसऱ्या दिवशी इथल्याच बायकांनी खाली समजावलं, एकीनं तर आपल्या सासूची आठवण सांगितली. हा आक्षेप कितीही जणांनी घेतला असता तरी ते वाक्य मी बदलणार नव्हते. आपली बोली पडद्यावर यावी म्हणूनच तर हा खटाटोप.

त्याच ढिगात दुसरी एक तक्रार होती: आजीचा आवाज तरुण मुलीचा वाटतो. ती मात्र टोचली, कारण चहाच्या वेळी एक मावशी हेच म्हणाल्या होत्या आणि आजी बोलायला लागली की आलेखाची रेघही उतरत होती. खोली, कमेंट आणि आलेख तिन्ही एकाच जागेकडे बोट दाखवत असतील तर बदला. फक्त कमेंटच म्हणत असतील तर थांबा.

पहिल्या भागातला आवाज तसाच राहिला. दुसऱ्या भागासाठी गल्लीतल्याच सत्तरी ओलांडलेल्या एका काकूंना बोलावलं. त्यांनी कधी माइक बघितला नव्हता. कागद बाजूला ठेवला आणि म्हणाल्या, ‘मला वाचून न्हाई जमायचं, तू सांग, मी बोलतो.’ पहिलं वाक्य म्हणून झालं आणि त्या आपोआप थांबल्या, समोरचं कोण हसतंय का ते बघायला. टाइमलाइनवर तो थांबा सव्वीस फ्रेमचा भरला. मी तो कापला नाही.