युनिफायच्या यादीतल्या बेनाव डिव्हाइसेसना ओळखता येतील अशी नावे कशी द्यावीत

युनिफाय ही युबिक्विटी कंपनीची नेटवर्क उपकरणे; ती ज्या सॉफ्टवेअरमधून सांभाळतात तो कंट्रोलर. त्यातली क्लायंटची (नेटवर्कला जोडलेल्या फोन, प्रिंटर वगैरे वस्तूंची) यादी उघडली की बहुतेक ठिकाणी एकच दृश्य दिसते: सात-आठ ‘आयफोन’, तीन-चार ‘ईएसपी’ने सुरू होणारी नावे आणि उरलेले नुसते मॅक पत्ते (नेटवर्कवर प्रत्येक वस्तूला ओळखणारे क्रमांक). नाव टाइप करायला दहा सेकंद पुरतात. वेळ जातो तो अमुक ओळ नक्की कोणत्या वस्तूची हे शोधण्यात. म्हणून कामाचा क्रम महत्त्वाचा. पद्धत युनिफायची सांगितली असली तरी टीपी-लिंकच्या ओमाडा या तशाच प्रणालीमध्येही विचार हाच, फक्त मेनू वेगळे.

आधी ॲक्सेस पॉइंट

क्लायंटच्या मागे लागण्याआधी एपींना (ॲक्सेस पॉइंट, म्हणजे वायफाय पुरवणारी उपकरणे) नावे द्या. नवा एपी जोडला की त्याला मॉडेलचेच नाव मिळते, त्यामुळे सहा एपी असले तर सहाही सारखेच दिसतात. एपींना जागेवरून नावे दिली की प्रत्येक क्लायंटसमोर तो कोणत्या एपीला जोडलेला आहे हे दिसते आणि शोध एका मजल्यापुरता, कधी एका खोलीपुरता उरतो.

‘युनिफाय डिव्हाइसेस’मध्ये एपी निवडा आणि ‘लोकेट’ दाबा. छतावरच्या एपीचा दिवा लुकलुकू लागतो. एक जण संगणकापाशी आणि दुसरा फोन कानाला लावून इमारतीत फिरणारा, अशी जोडी असेल तर काम भराभर होते. तो एपी सापडला की सेटिंग्जमध्ये जाऊन ‘नेम’ बदला. एपीखाली उभे राहून आपला फोन कशाला जोडला आहे ते पाहण्याचा शॉर्टकट मात्र फसवा आहे. सिग्नल बरा असेपर्यंत फोन जुना एपी सोडत नाही. वायफाय ॲनालायझर ॲपमध्ये दिसणारा बीएसएसआयडी (वायफाय सिग्नलचा मॅक पत्ता) हाही एपीच्या मागच्या लेबलाशी तंतोतंत जुळत नाही, कारण प्रत्येक बँडला (२.४, ५ गिगाहर्ट्झ) आणि प्रत्येक एसएसआयडीला (वायफायच्या नावाला) वेगळा पत्ता असतो. नवे एपी बसवत असाल तर छताला लावण्याआधी लेबलाचा फोटो काढा. शिडी पुन्हा आणावी लागत नाही.

नावाची घडण

मोठ्याकडून लहानाकडे जा: मजला, खोली, प्रकार, क्रमांक. उदाहरणार्थ ‘एफ१-लेखा-प्रिंटर-०१’, ‘एफ०-गेट-कॅमेरा-०२’. यादी अक्षरक्रमाने लावली की एका मजल्याच्या वस्तू आपोआप एकत्र येतात. क्रमांक दोन आकडी ठेवा, नाहीतर काही याद्यांमध्ये १० हा २ च्या आधी येऊन बसतो. ब्रँड नावात नको, कारण प्रिंटर बदलतो, जागा तीच राहते. माणसाचे नाव फक्त त्या माणसाला दिलेल्या लॅपटॉपला द्यावे, आणि लॅपटॉप दुसऱ्याकडे गेला की ते बदलायची जबाबदारी कोणाची हेही ठरवून टाकावे.

प्रत्यक्षात लिपी रोमन ठेवलेली बरी; वरची उदाहरणे देवनागरीत आहेत ती फक्त समजण्यासाठी. देवनागरी नावे असलेली सीएसव्ही (यादीची साध्या मजकुराची फाइल) एक्सेलमध्ये थेट उघडली की अनेकदा अक्षरांचा चिवडा होतो. (एसएसआयडी देवनागरीत ठेवायची हौस असेल तर हेही लक्षात असू द्या: मर्यादा ३२ बाइटची आहे आणि देवनागरीचे प्रत्येक चिन्ह, मात्रासुद्धा, ३ बाइट खाते. म्हणजे जेमतेम दहा चिन्हे.)

ओळ कोणाची ते शोधणे

मॅक पत्त्याच्या पहिल्या सहा अक्षरांवरून कंट्रोलर उत्पादक सांगतो. पण तो बहुतेकदा आतल्या वायफाय चिपचा किंवा कार्डाचा उत्पादक असतो. स्मार्ट प्लग आणि बल्ब ‘एस्प्रेसिफ’ म्हणून दिसतात, लॅपटॉप ‘इंटेल’ किंवा ‘अझ्युरवेव्ह’ म्हणून. अशा वेळी बँड पाहा. कायम २.४ गिगाहर्ट्झवर असणारी आणि अगदी थोडा डेटा वापरणारी वस्तू बहुधा प्लग, सेन्सर किंवा हजेरीचे यंत्र असते. आयपी पत्ता ब्राउझरमध्ये टाकून पाहा. प्रिंटर आणि कॅमेरे स्वतःचे पान दाखवतात. तरीही कळले नाही तर संशयित वस्तूचे बटण बंद करा आणि कोणती ओळ ऑफलाइन होते ते बघा. ओळ लगेच जात नाही, काही मिनिटे थांबा आणि एका वेळी एकच वस्तू बंद करा. ‘ब्लॉक करू, कोण ओरडतो ते पाहू’ हा मार्ग कार्ड स्वाइप मशीन किंवा हजेरी यंत्राच्या बाबतीत कामाच्या वेळेत वापरू नये.

ओळख पटली की ‘क्लायंट डिव्हाइसेस’मध्ये ती ओळ उघडा, सेटिंग्जमध्ये नाव लिहा आणि सेव्ह करा. प्रिंटर, कॅमेरा, एनव्हीआर (कॅमेऱ्यांचे रेकॉर्डिंग ठेवणारे यंत्र) असेल तर तिथेच फिक्स्ड, म्हणजे न बदलणारा, आयपीही देऊन टाका. हे नाव फक्त कंट्रोलरच्या यादीपुरते असते. त्या नावाने पिंग (डिव्हाइस उत्तर देते का ते पाहणारी आज्ञा) लागत नाही, कारण डिव्हाइसचे स्वतःचे होस्टनेम (नेटवर्कवरचे नाव) बदललेले नसते. नावाने पोचायचे असेल आणि गेटवे (इंटरनेटकडे नेणारा राउटर) युनिफायचाच असेल तर फिक्स्ड आयपीसोबत लोकल डीएनएस नोंद (नावावरून आयपी सांगणारी) करा. त्या नावात अक्षरे, आकडे आणि जोडरेघ एवढेच ठेवा. मोकळी जागा किंवा अंडरस्कोर नको.

नावे का हरवतात

नाव मॅक पत्त्याला बांधलेले असते, माणसाला किंवा वस्तूला नाही. अँड्रॉइड १० (२०१९) आणि आयओएस १४ (२०२०) पासून फोन मूळ पत्त्याऐवजी बनावट पत्ता वापरतात, प्रत्येक नेटवर्कला वेगळा. आयओएस १८ मध्ये ‘रोटेटिंग’ निवडले तर तो ठरावीक काळाने बदलतोही, आणि मग तुम्ही दिलेले नाव जुन्या ओळीवर पडून राहते. बनावट पत्ता ओळखायला सोपा: त्याचे दुसरे अक्षर २, ६, ए किंवा ई असते. संस्थेच्या मालकीच्या टॅबलेटवर त्या नेटवर्कपुरता खाजगी (म्हणजे हाच बनावट) पत्ता बंद करा. अँड्रॉइडवर नेटवर्कच्या तपशिलात ‘प्रायव्हसी’खाली डिव्हाइसचा मॅक निवडा. मग पुन्हा जोडा आणि त्यानंतरच नाव द्या. पाहुण्यांच्या आणि कर्मचाऱ्यांच्या खाजगी फोनांना नावे देत बसू नका. ते काम संपत नाही.

एकाच लॅपटॉपच्या दोन ओळी दिसल्या तर एक वायफायची आणि दुसरी लॅन पोर्टची असते. डॉकिंग स्टेशनचा मॅक तर डॉकचा स्वतःचा असू शकतो. म्हणजे त्या ओळीला लॅपटॉपचे नाव दिले तर उद्या दुसऱ्याचा लॅपटॉप त्याच नावाने दिसेल. तिला टेबलाचे नाव द्या. मध्ये स्वस्त रिपीटर (वायफायचा सिग्नल पुढे पोचवणारे यंत्र) असेल तर त्याच्या मागच्या वस्तू रिपीटरच्याच मॅकने दिसू शकतात. तिथे आधी रिपीटर काढा, नावे नंतर.

यादी साफ करताना ‘रिमूव्ह’ दाबलेल्या क्लायंटचे नावही जाते. सुट्टीत बंद ठेवलेला प्रोजेक्टर नेमका असाच उडतो. नावे कंट्रोलरच्या डेटाबेसमध्ये असल्याने कंट्रोलर नव्याने उभा केला तर सगळे पुन्हा शून्यापासून करावे लागते. म्हणून नामकरण पुरे झाल्या दिवशीच बॅकअपची .यूएनएफ फाइल उतरवा आणि ती कंट्रोलरच्या मशीनबाहेर ठेवा. सोबत मॅक, नाव, जागा आणि वस्तूचा सिरीयल नंबर अशा चार रकान्यांची एक शीट ठेवा. एपी जळून बदलला की नव्याचा मॅक वेगळा असतो, तेव्हा जुन्याचे नाव काढून नव्याला तेच द्यायला ती शीटच उपयोगी पडते.