ऑइल पाइप गळतोय? एम-सील लावू नका

जुन्या गाडीच्या ऑइल कूलरचा (इंजिनचं तेल थंड करणाऱ्या भागाचा) पाइप बहुतेक वेळा एकाच जागी गळतो: लोखंडी नळी आणि रबर जिथे प्रेस केलेलं असतं तिथे. आधी तेलकट धूळ जमते, मग थेंब दिसतो. एम-सील किंवा क्लिप लावून आठवडा निघेल फार तर. आत गरम तेल ३-४ बार दाबाने फिरत असतं. रेडिएटरचं होज तर बसवूच नका, तेलाने ते फुगून मऊ पडतं.

नवा पाइप मिळत नसेल तर जुना काढून थेट जेसीबी-ट्रॅक्टरचे हायड्रॉलिक होज बनवणाऱ्याकडे जा. टोकं जुनीच ठेवून तो नवं होज प्रेस करून देतो. लांबी आणि टोकांचा कोन तोच हवा, म्हणून नमुना सोबत न्याच. फोटोवर काम होत नाही, मी करून बसलोय!

पाइप परत बसवताना जोडावरचे तांब्याचे वॉशर नवे घाला. नसतील तर जुने लाल होईपर्यंत तापवून पाण्यात टाका, पुन्हा मऊ होतात.

गाडी चालू केल्यावर ऑइलचा दिवा काही सेकंदांत विझला नाही तर लगेच बंद करा. खाली पुठ्ठा ठेवा, थेंब लगेच कळतो. शेवटी डिपस्टिक बघून तेल भरा.