लाळेतलं विकर काम करताना पाहायचं असेल तर

पचनसंस्थेची आकृती शाळेत सगळ्यांनीच काढलेली असते: अन्ननलिका, जठर, यकृत, स्वादुपिंड, आतड्यांची वेटोळी. अन्नाचे तुकडे करणारी विकरं मात्र त्या आकृतीत दिसत नाहीत. ती खरोखर काम करताना पाहायची तर सर्वांत सोयीचं विकर म्हणजे लाळेतलं अमायलेज, जुन्या पुस्तकांतलं टायलिन. ते स्टार्चच्या लांब साखळ्या तोडून मुख्यतः माल्टोज ही साखर बनवतं. आयोडीनमुळे स्टार्च निळा-काळा होतो, माल्टोज होत नाही. प्रयोगाचा सगळा आधार एवढाच.

सामान असं: कॉर्नफ्लोअर, पाच सारखे छोटे ग्लास (किंवा परीक्षानळ्या), पांढरी चिनी मातीची बशी, ड्रॉपर, मेडिकलमध्ये मिळणारी 5 मिलीची बिनसुईची सिरिंज, पांढरं व्हिनेगर, बर्फ आणि पोव्हिडोन-आयोडीनचं 5 टक्क्यांचं द्रावण किंवा टिंक्चर आयोडीन. पोव्हिडोन-आयोडीनचा हात धुण्याचा फेसाळ प्रकार घेऊ नका, साधं द्रावणच घ्या. ते पाण्यात फिक्या कोऱ्या चहाच्या रंगाइतकं पातळ करा. दाट ठेवलं तर आयोडीनचाच रंग सगळं झाकून टाकतो.

आधी स्टार्च. पाव चमचा कॉर्नफ्लोअर दोन चमचे गार पाण्यात कालवा आणि ते 100 मिली उकळत्या पाण्यात ढवळत ओता. थेट गरम पाण्यात टाकलं तर गुठळ्या होतात आणि गुठळीच्या आत विकर शिरत नाही. मिनिटभर उकळू द्या. ही पायरी कुणी गाळू नये. कच्च्या स्टार्चचे कण घट्ट बांधलेले असतात, शिजल्यावर ते फुगून फुटतात आणि मगच विकराला साखळ्या सापडतात. तांदूळ कच्चा चघळणं आणि भात खाणं यात पचनाच्या दृष्टीने हाच मोठा फरक आहे. द्रावण कोमट होईपर्यंत थांबा.

लाळ घेण्याआधी अर्धा तास काही खाऊ नका, माउथवॉश वापरू नका. साध्या पाण्याने दोनदा चूळ भरा आणि पाच मिनिटं थांबा, नाहीतर लाळेऐवजी चुळीचं पाणीच हाती लागतं. चिंच आठवली की तोंडाला पाणी सुटतंच. ते स्वच्छ वाटीत जमवा. फेस नको, खालचा पातळ द्रव हवा. 1 मिली लाळेत 9 मिली पाणी मिसळा. वर्गात प्रयोग करत असाल तर प्रत्येकाने स्वतःचीच लाळ हाताळावी.

आता पाच ग्लासांवर खुणा करा. प्रत्येकात 10 मिली स्टार्च असेल, फरक त्यात पडणाऱ्या गोष्टीचा.

पहिल्यात 2 मिली पातळ केलेली लाळ. दुसऱ्यात 2 मिली लाळच, पण छोट्या स्टीलच्या वाटीत घालून, ती वाटी उकळत्या पाण्यात दहा मिनिटं धरून नंतर गार केलेली. तिसऱ्यासाठी 2 मिली लाळ आणि 2 मिली व्हिनेगर एकत्र करून पाच मिनिटं ठेवा आणि मग ते स्टार्चमध्ये घाला. चौथ्यात लाळेऐवजी 2 मिली पाणी. पाचव्यात लाळ, पण स्टार्च आणि लाळ दोन्ही आधी बर्फात गार करून, ग्लास बर्फातच ठेवलेला. पहिले चार ग्लास 37 अंशांच्या पाण्यात उभे करा. थर्मामीटर नसेल तर मनगटावर टाकलेला थेंब ना गार ना गरम लागला पाहिजे.

बशीवर आयोडीनचे थेंब रांगेने मांडून ठेवा. लाळ घातल्यापासून दर अर्ध्या मिनिटाला पहिल्या ग्लासातला एक थेंब पुढच्या आयोडीनच्या थेंबात सोडा. ड्रॉपर प्रत्येक वेळी धुवायचा. सुरुवातीला शाईसारखा निळा-काळा, मग जांभळा, मग तांबूस-तपकिरी, आणि शेवटी आयोडीनचा स्वतःचा पिवळसर रंग. मधला तांबूस रंग नीट बघा. तो अर्धवट तुटलेल्या साखळ्यांचा, म्हणजे डेक्स्ट्रिनचा आहे. स्टार्च एका फटक्यात साखर होत नाही, टप्प्याटप्प्याने होतो, आणि त्याचा डोळ्यांना दिसणारा पुरावा हाच.

पहिल्याच मिनिटात रंग गेला तर लाळ आणखी पातळ करा. शेजारच्याला तुमच्या दुप्पट वेळ लागला तर चूक कुणाचीच नाही. अमायलेज बनवणाऱ्या जनुकाच्या प्रती माणसागणिक कमीजास्त असतात, लाळेचा पातळपणाही बदलतो.

बाकीच्या ग्लासांतला थेंबही असाच तपासा. दुसऱ्या, तिसऱ्या आणि चौथ्या ग्लासाचा थेंब निळाच राहायला हवा. पाचव्याचाही बराच वेळ निळा राहील. आता तो ग्लास कोमट पाण्यात आणून पुन्हा थेंब तपासा: रंग जाऊ लागतो. उकळलेली लाळ मात्र कोमट करूनही कामाला लागत नाही. थंडीत विकर मंदावतं, उकळल्यावर मात्र विकर ज्याचं बनलेलं असतं त्या प्रथिनाची घडीच मोडते. हा फरक नुसता वाचून लक्षात राहत नाही, एकदा पाहिला की विसरला जात नाही.

निकाल फसवा येण्याची कारणं ठरलेली असतात. गरम स्टार्चमध्ये आयोडीनचा निळा रंग उडतो आणि गार झाल्यावर परत येतो, त्यामुळे गरम थेंब तपासला तर काही पचलेलं नसतानाही पचल्यासारखं दिसतं. व्हिनेगरऐवजी लिंबू वापरलं तर त्यातलं क जीवनसत्त्व आयोडीनचाच रंग घालवतं आणि तिसरा ग्लास खोटा निकाल देतो. आयोडीन ग्लासात ओतू नका, बशीतच तपासा; ग्लासात गेलं तर विकराचं काम बिघडतं. डिस्टिल्ड वॉटर वापरलं असेल तर स्टार्चमध्ये चिमूटभर मीठ घाला, कारण या अमायलेजला क्लोराइड लागतं. आणि चौथा, पाण्याचा ग्लास वगळू नका. त्याचा थेंबही निळा झाला नाही तर दोष लाळेत नाही, आयोडीनमध्ये किंवा स्टार्चमध्ये आहे.

रंग गेला म्हणजे स्टार्च संपला, एवढंच कळतं. साखर झाली का, हे बघायला शाळेच्या प्रयोगशाळेत 5 मिली बेनेडिक्ट द्रावणात पहिल्या ग्लासातले आठ थेंब घालून परीक्षानळी पाच मिनिटं उकळत्या पाण्यात ठेवा. हिरवा, नारिंगी, विटकरी यांपैकी रंग आला की माल्टोज आहे. ताडून पाहायला घरातली साखर घेऊ नका. सुक्रोज या कसोटीला उतरत नाही. ग्लुकोज पावडर चालेल.

तिसरा ग्लास खरं तर जठराची गोष्ट सांगतो. तोंडात घास फार थोडा वेळ असतो, तिथे स्टार्चचा अगदी लहान भाग तुटतो. गिळलेल्या घासाच्या आत अमायलेज काही काळ चालू राहतं, पण जठरातलं हायड्रोक्लोरिक आम्ल आत मुरलं की थांबतं. पेप्सिनला मात्र तेच आम्ल हवं असतं. पेप्सिनोजेन या निष्क्रिय रूपात स्रवणारं हे विकर आम्लामुळे जागं होतं आणि प्रथिनं तोडू लागतं. उरलेला स्टार्च लहान आतड्यात स्वादुपिंडाच्या अमायलेजच्या वाट्याला येतो. तिथे बायकार्बोनेटने आम्ल शमलेलं असतं. शेवटी आतड्याच्या अस्तरावरचं माल्टेज माल्टोजचे दोन ग्लुकोज करतं, आणि ग्लुकोज रक्तात जातं.

प्रथिनांचं तुटणं घरी पाहायचं तर ताजा अननस घ्या. दोन चमचे जिलेटिन 100 मिली गरम पाण्यात विरघळवून कोमट करा आणि दोन वाट्यांत वाटा. एकीत दोन चमचे ताजा रस, दुसरीत पाच मिनिटं उकळून गार केलेला तेवढाच रस. फ्रिजमध्ये चार तास. ताज्या रसाची वाटी पातळच राहते, कारण जिलेटिन हे प्रथिन आहे आणि अननसातलं ब्रोमेलिन हे विकर त्याच्या साखळ्या तोडतं. मटणाला कच्ची पपई चोळतात, तिथे पपईतलं पपेन हे विकर हेच काम करतं. इथे एक चूक सर्रास होते: शाकाहारी जेली म्हणून चायना ग्रास वापरला जातो. तो समुद्री शेवाळापासून काढलेला पिष्टासारखा पदार्थ, त्यात प्रथिन नाही, म्हणून दोन्ही वाट्या घट्ट होतात आणि प्रयोग फसला असं वाटतं. ब्रोमेलिनला तिथे तोडायला काही नसतंच.

स्निग्ध पदार्थांसाठी बाटलीत पाणी, चमचाभर तेल आणि भांडी घासण्याच्या लिक्विडचे चार थेंब घालून हलवा. तेलाचे बारीक थेंब होऊन ते पाण्यात पसरतात. पित्तरस असंच करतो, आणि त्यात विकर अजिबात नसतं; परीक्षेत इथे हमखास चुकतात. तोडण्याचं काम स्वादुपिंडाच्या लायपेजचं आहे, आणि थेंब जितके बारीक तितका त्याला वाव जास्त.

झाल्यावर लाळ लागलेलं सगळं उकळत्या पाण्याने धुवा, काहीही चाखू नका. ओट्यावर पडलेल्या आयोडीनच्या डागावर लिंबू चोळा, डाग जातो.